गैरहजरांचे सेतुराव

सेतुराव कुणाच्याही घरी गेले की हाक मारायच्या आधी दाराबाहेरच्या चपला मोजतात.

नुसत्या मोजत नाहीत, वाचतात म्हणा. जरा वाकून, हात मागे बांधून, पुस्तकाच्या दुकानात उभं राहून फुकट वाचणाऱ्या माणसासारखं. "आई घरांत. म्हातारी घरांत. बाप बाहेर. पोर घरांतच आहे," असं पुटपुटतात आणि मग कडी वाजवतात. आतून कुणी अगदी गोड आवाजात सांगितलं, की ती तर मावशीकडे गेलीय, तर सेतुराव पायरीवर बसकण मारतात आणि तमिळमध्ये म्हणतात, "सरि. मग अनवाणी गेली असेल. येईपर्यंत बसतो."

पाचेक मिनिटांत मुलगी आतून बाहेर येते. हे मी पुढे एकदा त्यांच्याबरोबर जाऊन स्वतः पाहिलंय, आणि पाहिलं तेव्हा माझ्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता, ज्यात तीच मुलगी 'संपर्काबाहेर' अशी नोंदलेली होती.

सेतुराव आमच्या कॉलेजातले हजेरी क्लार्क. कॉलेज म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. चेन्नईचं आवडी नावाचं उपनगर आहे, त्याच्या पुढे, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर दोन मजले, एवढं ते कम्युनिटी कॉलेज. शाळा अर्ध्यात सुटलेल्या, लग्नानंतर घरी बसलेल्या, नापास होऊन लाजलेल्या मुलामुलींसाठी एकेक वर्षाचे कोर्स: नर्सिंग असिस्टंट, शिवणकाम, एसी दुरुस्ती, कॉम्प्युटर. जुलैत वर्ग गच्च भरतो आणि जानेवारीतल्या पोंगलपर्यंत बाकं रिकामी दिसायला लागतात. किती आले, किती टिकले, किती जण सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडले, हे मोजायला एक माणूस ठेवलेला आहे. तो माणूस मी. डेटा ऑफिसर. माझ्या हाताखाली एक टेबल आणि एक पंखा आहे, त्यातला पंखा सेतुरावांच्या बाजूला वळतो.

मी मूळचा सांगलीचा. चेन्नईला आलो ते आयटीत. एका शुक्रवारी आमच्या पंधरा जणांना काचेच्या खोलीत बोलावलं, टेबलावर टिश्यू पेपरचा डबा ठेवलेला होता. तो पाहूनच कळायला हवं होतं. मी त्यातला एक काढून चष्मा पुसला आणि विचारलं, नवीन प्रोजेक्ट कुठलं. तर असा हुशार माणूस नोकरी गेल्यावर या कॉलेजात आला. सांगलीला घरी मी सांगितलं, की मी आता शिक्षणक्षेत्रात धोरणात्मक काम करतो. आईनं शेजारी सांगितलं, की तो मास्तर झाला.

पहिल्या दिवशी मी फोनवर तिच्याशीच बोलत होतो. फोन ठेवला तर समोरच्या टेबलावरचे गृहस्थ चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. सत्तरीला टेकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळाला बारीक गोपीचंदन.

"मराठी की तुम्ही?" ते म्हणाले.

मला वाटलं, मला ऊन लागलं. "तुम्ही पण?"

"तंजावर. तीनशें वर्षं झालीं." जणू परवाच्या गाडीनं आल्यासारखं म्हणाले. मग थोडा वेळ माझं बोलणं ऐकून त्यांनी निकाल दिला, "तुमचं मराठी नवं आहे. वाईट नाहीं, पण नवं आहे. कसाला एवढं घाई घाईनं बोलतां?"

तेव्हापासून ते मला, तमिळ वळणानं 'सर'चं 'सार' करून, 'पाटील सार' म्हणतात आणि माझं मराठी सुधारण्याचा प्रयत्न करतात. मला पाणी 'पाहिजे' असतं, त्यांना 'होणा' असतं. मी 'सगळे' म्हणतो, ते 'अस्की' म्हणतात. एकदा मी चिडून म्हणालो, की महाराष्ट्रात असं कुणी बोलत नाही. ते शांतपणे म्हणाले, "होय की. म्हणूनच आम्ही ठेवलंय."

आता माझ्या कर्तृत्वाबद्दल. मी एक प्रोग्रॅम बनवला. हजेरी, चाचणीचे गुण, घरापासूनचं अंतर असं सगळं घालायचं, आणि प्रत्येक नावापुढे रंग यायचा. हिरवा म्हणजे कोर्स पूर्ण करणार, पिवळा म्हणजे सांगता येत नाही, लाल म्हणजे जाणार. प्रिन्सिपल शांती मॅडमना तो भारी आवडला. त्यांनी भिंतीवर मोठा स्क्रीन लावून घेतला. मी रोज सकाळी त्याच्यासमोर चहा घेऊन उभा राहायचो, शेतकरी पिकाकडे बघतो तसा.

सेतुरावांनी स्क्रीनकडे एकदाच नीट बघितलं आणि विचारलं, "घर बघितलांत?"

"कुणाचं?"

"हें लाल आहे की, त्या पोरीचं."

"घर बघायची गरज नाही हो. अंतर टाकलंय त्यात. चार किलोमीटर."

"सरि," ते म्हणाले. सरि म्हणजे ठीक, पण त्यांच्या 'सरि'त होकार फार कमी असतो.

'घर बघितलांत?' हा त्यांचा एकमेव प्रश्न. कुठलीही टक्केवारी दाखवा, आलेख दाखवा, ते हेच विचारणार. त्यांचा नियमही एकच. सलग तीन दिवस कुणी आलं नाही, की चौथ्या दिवशी चार वाजता सेतुराव छत्री उचलतात आणि त्या घरी जातात. नोकरीच्या अटींत हे कुठेही नाही. बसच्या तिकिटाचे पैसे ते कुणाकडे मागत नाहीत. फोन करून का विचारत नाही म्हटलं तर म्हणतात, "फोनवर अस्की बरेच असतात."

परत आल्यावर ते रजिस्टरात कारण लिहितात. माझ्या प्रोग्रॅममध्ये कारणांचे पाच पर्याय होते: आजारपण, विवाह, नोकरी, स्थलांतर, इतर. सेतुरावांच्या रजिस्टरात होतं: 'सासूला कंटाळा'. 'भाऊ लाजतो'. 'इंग्रजीच्या बाई हसल्या'. एका मुलीपुढे नुसतंच 'कुत्रें'.

"हे काय?" मी विचारलं.

"कुत्रें आहे. गल्लीच्या तोंडाला बसतें. त्या पोरीवरच भुंकतें."

"मी याला 'वाहतूक' खाली टाकू का?"

त्यांनी विचार केला. "कुत्र्याला विचारून टाका," म्हणाले. दोन दिवसांनी ती मुलगी वर्गात होती. तिला त्यांनी मागच्या बाजूनं, देवळाच्या आवारातून जाणारी वाट दाखवली होती, आणि पुजाऱ्याला सांगून सकाळी ते फाटक उघडं ठेवायला लावलं होतं. माझ्या स्क्रीनवर ती लालची पिवळी झाली. मी मॅडमना सांगितलं, की सिस्टम काम करते आहे.

मग फेब्रुवारीत कलैवाणी यायची बंद झाली.

कलैवाणी नर्सिंगच्या वर्गातली. वर्गात पहिली. एक दिवसही चुकवलेला नाही, घर दोन स्टेशनांवर. माझ्या स्क्रीनवरचा सगळ्यात गडद हिरवा रंग तिचा होता. बाहेरचे पाहुणे आले की मी तिच्याच नावावर बोट ठेवून समजावून सांगायचो. ती तीन दिवस आली नाही तेव्हा मी हजेरी भरण्यात चूक झाली असं धरून चाललो आणि सेतुरावांनाच विचारलं, की तुम्ही नीट टिक केलं होतं ना. त्यांनी नुसतं रजिस्टर माझ्याकडे वळवलं.

त्या आठवड्यातच कोर्सना मंजुरी देणाऱ्या समितीचं पत्र आलं होतं. नर्सिंगचा कोर्स दोन वर्षं निम्म्याच मुली पूर्ण करत होत्या, यंदाही मुली गळाल्या तर मंजुरी काढून घेणार. शांती मॅडमनी मला बोलावून विचारलं, "पाटील, आपण सेफ आहोत ना?" मी म्हणालो, "मॅडम, सगळं हिरवं आहे." हे मी सकाळी म्हणालो. कलैवाणीनं कोर्स सोडून गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम धरलंय, ही बातमी तिच्या मैत्रिणीकडून दुपारी आली. शिवाय तिच्याबरोबर जायला आणखी दोघी तयार होत्या. पहिली मुलगीच गेली, तर आपण कशाला थांबायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

चार वाजता सेतुरावांनी छत्री उचलली आणि पहिल्यांदाच माझ्या टेबलापाशी थांबले. "येतां?"

मी लॅपटॉप बरोबर घेतला. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

एका खोलीचं घर, बाहेर तुळशीऐवजी कढीपत्त्याचं झाड. कलैवाणी नुकतीच कंपनीच्या व्हॅनमधून उतरली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. आम्हाला पाहून ती आत वळली. तिच्या आईनं चटई घातली. मला वाटलं, आपण तज्ज्ञ आहोत, आपण सुरुवात करावी. मी लॅपटॉप उघडून तिच्या आईला आलेख दाखवला. माझ्या तमिळमध्ये म्हणालो, "अम्मा, ही रेषा तुमची मुलगी. बघा, कशी वर वर चाललीय."

आईचा चेहरा उतरला. "शुगर आहे का तिला?" तिनं विचारलं.

सेतुरावांनी माझा लॅपटॉप हलकेच बंद केला आणि ताक मागितलं.

पुढचा अर्धा तास ते कॉलेजाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ताकात कढीपत्ता कसा चिरडून घालायचा यावर बोलले. व्हॅन सकाळी किती वाजता येते, खिडकीची जागा मिळते का, हे विचारलं. कलैवाणी दाराच्या चौकटीला टेकून उत्तरं देत होती. मग त्यांनी कलैवाणीकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "इस्पितळात काय झालं, अम्मा?"

हे त्यांना कुठून कळलं, मला माहीत नाही. कदाचित कळलं नव्हतंच, नुसतं विचारलं. पण तिचे डोळे भरून आले. प्रॅक्टिकलसाठी मुलींना इस्पितळात पाठवतात. तिथे एका म्हाताऱ्या आजोबांजवळ तिला बसवलं होतं. त्यांनी तिचा हात धरला आणि थोड्या वेळानं ते गेले. नर्सनं सांगितलं, ते जाणारच होते, तुझा काही दोष नाही. पण त्या रात्रीपासून तिला तो हात आपल्या हातात आहे असंच वाटायचं. "पॅकिंगमध्ये खोकी असतात, सार," ती म्हणाली. "खोकी मरत नाहीत."

मी खाली बघत बसलो. 'इतर', माझ्या डोक्यात आलं. मी हे 'इतर'मध्ये टाकलं असतं.

सेतुरावांनी रिकामा पेला खाली ठेवला. मग त्यांनी तमिळमध्येच सांगितलं, आणि ते मला जसं कळलं तसं सांगतो. "माझी बायको इस्पितळात होती. बारा दिवस मी खुर्चीवरून उठलो नाही. तेराव्या दिवशी तीच म्हणाली, खाली जाऊन कॉफी पिऊन या, तोंड बघा कसं झालंय. मी गेलो. कॉफी गरम होती म्हणून फुंकर घालत प्यायलो. वर आलो तेव्हा ती गेली होती. एक शिकाऊ मुलगी तिचा हात धरून बसली होती. तुझ्याएवढी. मी त्या मुलीचं नावसुद्धा विचारलं नाही. मला तेव्हा सुचलंच नाही." ते थांबले. "ती मुलगी दुसऱ्या दिवशी कामावर गेली की नाही, एवढंच मला कधी कधी वाटतं."

सेतुराव उठले, पेला स्वतः मोरीत नेऊन विसळला, आणि आम्ही निघालो. 'परत ये' असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. रस्त्यावर आल्यावर मला ते म्हणायला हवं होतं असं वाटलं, आणि मी तसं बोललोही.

"नक्को," सेतुराव म्हणाले. "तिला ऐकूं आलंय."

आठ दिवस काही झालं नाही. मी रोज स्क्रीनसमोर उभा राहायचो, पण आता चहा घेऊन नाही. नवव्या दिवशी सकाळी कलैवाणी वर्गात येऊन बसली. जायला निघालेल्या दोघी तिच्या शेजारी. सेतुरावांनी तिच्या नावापुढे 'हजर' लिहिलं, मधल्या दिवसांवर एक आडवी रेघ मारली आणि पान उलटलं.

मला मात्र तिला परत घेता येईना. माझ्या प्रोग्रॅममध्ये एकदा 'गेली' म्हटलं की ते नाव कायमचं बंद होत होतं. परत यायला दारच ठेवलेलं नव्हतं. कुणी परत येईल हे बनवताना माझ्या मनातच आलं नव्हतं. शेवटी मी तिला नवीन विद्यार्थिनी म्हणून घातलं, घाईत नावातला एक काना खाल्ला, आणि 'कलैवणी' नावाची एक मुलगी फेब्रुवारीत आमच्याकडे दाखल झाली.

मेमध्ये परीक्षा झाली. कलैवाणी पास झाली, त्या दोघीही झाल्या. त्याशिवाय सेतुरावांनी मागच्या दोन वर्षांत अर्धवट सोडलेल्या चौघी वर्षभरात एकेक करून परत आणून बसवल्या होत्या, त्याही पास झाल्या. मी अहवाल काढला आणि मॅडमसमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"पाटील, जुलैत जितक्या मुली आल्या, त्याहून जास्त पास कशा झाल्या?"

मी खुलासा करायला लागलो. मॅडमनी हात वर केला आणि सेतुरावांचं रजिस्टर मागवलं. समितीला शेवटी त्या रजिस्टराच्या प्रती गेल्या, 'सासूला कंटाळा' आणि 'कुत्रें' यांच्यासकट. कोर्स राहिला. समितीतल्या एका बाईंनी फोन करून विचारलं म्हणे, की हे सॉफ्टवेअर कुठलं.

सर्टिफिकेट वाटपाच्या दिवशी वरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मुलींनी मोगऱ्याचे गजरे माळले होते, कुणाची सासू पहिल्या रांगेत फोननं शूटिंग करत होती. कलैवाणीला एका वृद्धाश्रमात नोकरी मिळाल्याचं मॅडमनी माईकवर सांगितलं. ती स्टेजवरून सारखी कुणाला तरी शोधत होती. मी मागे वळून बघितलं. सेतुराव नव्हते.

ते खाली ऑफिसात होते. नवीन वर्षाच्या रजिस्टरावर पट्टीनं रेघा मारत बसले होते.

"वर चला की. मुली विचारतायत."

"विचारूं देत. फोटो झाले की विसरतील. विसरलंच पाहिजे." एक रेघ पुरी करून त्यांनी पट्टी खाली सरकवली. "पाटील सार, एक सांगतों. कोणास बोलूं नका."

मी खुर्ची ओढून बसलो.

"पास झालेलीं पोरं फोन करीत नाहींत. कसाला करतील? त्यांचं चाललंय बरं. अर्धवट सोडलेल्यांकडे मी जातों. दार उघडतात, चटई घालतात, ताक देतात. कोणी रागावतं, कोणी रडतं. तासभर जातो." ते रेघेकडेच बघत होते. "तीन दिवस कोणी आलं नाहीं ना, की मला जरा बरं वाटतं. हें वाईट आहे. पोरगी घरीं बसली आणि मला बरं वाटतं. पण त्या संध्याकाळला जायला एक घर असतं की."

वरून टाळ्या ऐकू आल्या.

"आतां अस्की पास झाल्या," ते म्हणाले. "जुलैपर्यंत कोणी गैरहजर नाहीं."

टिकलेले किती, गळालेले किती, याचे मी तीन वर्षं तक्ते केले. माझ्यापासून सहा फुटांवर बसलेला माणूस कुणी गैरहजर नसेल त्या दिवशी चार वाजल्यानंतर काय करतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांचं घर मी बघितलंय का, हा त्यांचाच प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. आत्ताही काहीतरी शहाणपणाचं बोलायची मला ऊर्मी आली, पण या वेळी लॅपटॉप जवळ नव्हता, म्हणून वाचलो.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघं आवडी स्टेशनवर आलो. एकच गाडी दोघांना चालते. मी अंबत्तूरला उतरतो, तिथे माझी एक खोली आहे आणि तिच्यात मी आल्यापासून एकही पाहुणा आलेला नाही. ते पार सेंट्रलपर्यंत जातात, तिथून बसनं तिरुवल्लिकेणीला. गाडी बऱ्यापैकी रिकामी होती. सेतुराव खिडकीशी बसले, मी समोर. ते मला 'ऊर्मी' हा शब्द त्यांच्या आजीच्या तोंडी कधी ऐकला नव्हता असं काहीतरी सांगत होते, कारण मी मगाचा विचार अखेर बोलून टाकला होता.

अंबत्तूर आलं. माणसं उतरली, चढली. मी बसून राहिलो. सेतुरावांनी माझ्याकडे बघितलं, फलाटाकडे बघितलं. गाडी सुटली.

दोन स्टेशनं गेल्यावर ते बाहेर बघत म्हणाले, "सकाळचं वांग्याचं सांबार आहे. भात तेवढा लावावा लागेल."

"मी लावतो," मी म्हणालो.

"नक्को," ते म्हणाले. "तुम्हांस पाण्याचा अंदाज नसेल."